साक्षीदाराची जागा : चंगळवादाचे युग, महत्त्वाकांक्षी नोकरदार तरुण आणि बंगळूर-मुंबईचा चित्रपट

१

'चंगळवाद' हा शब्द मराठीत केव्हा रुळला याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. मात्र तो ज्या घडणीचा आहे ती घडण येथे महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य समाजशास्त्रातील ज्या संकल्पनेसाठी हिंदीने 'उपभोक्तावाद' हा तटस्थ, संस्कृतोद्भव पर्याय स्वीकारला, तिच्यासाठी मराठीने घरगुती बोलण्यातला 'चंगळ' हा शब्द उचलला. सणासुदीला मुलांची चंगळ होते, पाहुण्यांकडे खाण्यापिण्याची चंगळ असते. एरवी निरागस असलेल्या या शब्दाला 'वाद' जोडताच त्यात नापसंतीची छटा आली. कन्नडमध्ये याच संकल्पनेसाठी 'कोळ्ळुबाक संस्कृती' असा शब्दप्रयोग रूढ आहे. 'होट्टेबाक' म्हणजे खादाड. त्याच धर्तीवर 'कोळ्ळुबाक' म्हणजे खरेदीच्या बाबतीत खादाड. दोन्ही भाषांनी संकल्पनेचे नुसते भाषांतर केले नाही, तर नाव देतानाच तिच्याविषयीचा निवाडाही दिला. फरक इतकाच, की मराठी शब्दाचा रोख उपभोगाच्या सुखावर आहे, तर कन्नड शब्दाचा रोख कधीही न भागणाऱ्या भुकेवर आहे.

निवाडा देणाऱ्या या भाषांमध्ये काम करणाऱ्या चित्रपटकारांनी महत्त्वाकांक्षी नोकरदार तरुणाकडे कसे पाहिले, हा या निबंधाचा प्रश्न आहे. याचे उत्तर सामान्यतः असे दिले जाते : १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी महत्त्वाकांक्षा हा दोष होता, त्यानंतर ती गुण ठरली. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. चित्रपट आपला निवाडा संवादांतून क्वचितच देतो. वर चढणाऱ्या माणसाकडे पाहणारी एक व्यक्ती तो कथेत ठेवतो आणि प्रेक्षकाला तिच्या शेजारी बसवतो. या व्यक्तीला मी येथे 'साक्षीदार' म्हणतो. हा साक्षीदार कोण आहे, कोणत्या वर्गातला आहे आणि त्याला बोलता येते की नाही, यावरून चित्रपटाची नैतिक भूमिका अधिक नेमकेपणाने वाचता येते. बंगळूर आणि मुंबई या दोन शहरांच्या चित्रपटांत हा साक्षीदार वेगवेगळ्या जागी उभा होता, आणि पुढे दोन्हीकडे तो निरनिराळ्या मार्गांनी नाहीसा झाला, असे मला वाटते.

२

या परंपरेचा आरंभ शोधायचा तर आधी कोलकात्याकडे वळावे लागते. सत्यजित राय यांचा 'सीमाबद्ध' (१९७१) हा शंकर यांच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट. पाटण्याच्या शिक्षकाचा मुलगा श्यामलेंदू चटर्जी एका विदेशी वळणाच्या कंपनीत विक्री-व्यवस्थापक झालेला आहे. परदेशी पाठवावयाच्या पंख्यांत दोष निघतो. कराराच्या दंडातून सुटण्यासाठी तो कामगार-अधिकाऱ्याच्या मदतीने कारखान्यात अशांतता घडवून आणतो. त्यात एक पहारेकरी जखमी होतो आणि श्यामलेंदू संचालक होतो. या सगळ्याची साक्षीदार आहे पाटण्याहून काही दिवसांसाठी आलेली त्याची मेहुणी तुतुल. ती त्याला दूषण देत नाही. त्याने वापरायला दिलेले घड्याळ ती शेवटी मनगटावरून काढून परत करते. राय यांना निवाड्यासाठी एवढी एक कृती पुरते.

मराठी रंगभूमीशी आणि मराठी मध्यमवर्गाशी निकट असलेल्या मुंबईच्या हिंदी चित्रपटांत हीच रचना पुढील दशकात दिसते. भीमसेन यांच्या 'घरौंदा'मध्ये (१९७७) सुदीप आणि छाया हे एकाच कार्यालयातले दोघे फ्लॅटसाठी पैसे साठवतात, बांधकाम व्यावसायिक त्यांना फसवतो, आणि सुदीप छायाला सुचवतो की तिने आजारी, श्रीमंत मालकाशी, मोदींशी, लग्न करावे. काही काळाने घर आणि संपत्ती आपलीच होईल. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवलेला मोदी हा खलनायक नाही, ही या चित्रपटाची खरी ताकद आहे. छाया त्या घरात राहता राहता त्या माणसाची होते. ज्याने तिला व्यवहाराचे साधन बनवले, त्याच्याकडे ती मागे वळून पाहते तेव्हा ती साक्षीदार झालेली असते.

सई परांजपे यांचा 'कथा' (१९८३) हा एस. जी. साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आधारलेला. चाळीतला कारकून राजाराम जोशी हे कासव आणि थापा मारून कंपनीत शिरकाव करून घेणारा बाशू हा ससा. नाटकाच्या नावातली बोधकथा चित्रपटाने उलटी केली आहे. येथे ससा झोपत नाही. तो संध्याला फसवतो, मालकाच्या घरात घोळ घालतो आणि शिक्षा न होता विमानात बसून पुढच्या मुलखाकडे निघून जातो. कासवाच्या वाट्याला मागे राहिलेले जग सावरण्याचे काम येते. १९८३ मध्ये हा शेवट गमतीचा वाटला असेल. आज मागे वळून पाहताना तो एका युगाची सूचना वाटतो.

या तिन्ही चित्रपटांतील साक्षीदारांत एक साम्य आहे. तुतुल, छाया, राजाराम ही सारी महत्त्वाकांक्षी नायकाच्याच वर्गातली, त्याच्याच घरातली, कार्यालयातली किंवा चाळीतली माणसे आहेत. ती शिकलेली आहेत, त्यांना आपले म्हणणे मांडता येते. नायकाने जी पायरी ओलांडली तीच पायरी त्यांच्याही समोर होती आणि त्यांनी ती ओलांडली नाही. त्यामुळे हा खटला मध्यमवर्गाच्या घरातला राहतो : एक भाऊ वाट चुकला, दुसरा चुकला नाही.

३

बंगळूरची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचे कारण शहराच्या घडणीत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला. तीच पुढची हिंदुस्थान एरोनॉटिक्स. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सार्वजनिक उद्योग येथे उभे राहिले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये येथे आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र काढले. मुंबईच्या नोकरदाराचे स्वप्न उंचीचे होते : चाळीतून फ्लॅटमध्ये, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर. बंगळूरच्या नोकरदाराचे स्वप्न पसरट होते. त्याला कारखाना, वसाहत, बंगला, बाग हवी होती; आणि पसरण्यासाठी लागणारी जमीन कोणाची तरी होती.

अरुणा राजे आणि विकास देसाई या मराठी दिग्दर्शकद्वयाचा हिंदी चित्रपट 'गहराई' (१९८०) नेमका या जमिनीवर उभा आहे. त्याच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग होता. चित्रपटाची ओळख भयपट अशी आहे, आणि त्यामुळेच त्याच्याकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेले नाही. बंगळूरमध्ये राहणारा चेन्नबसप्पा हा व्यवस्थापक. हा तरुण नव्हे, तर पूर्वीच्या महत्त्वाकांक्षी तरुणाचे स्थिरावलेले रूप आहे. विवेकवादी, शिस्तप्रिय, अंधश्रद्धेचा तिटकारा असलेला हा गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन कारखान्यासाठी विकून टाकतो. ती जमीन राखणारा बसवा विनवण्या करतो. त्याचे कोणी ऐकत नाही. पुढे चेन्नबसप्पाच्या शाळकरी मुलीच्या, उमाच्या, तोंडून बसवाचा आवाज उमटू लागतो, आणि जमिनीच्या व्यवहारामागे दडलेला बसवाच्या पत्नीवरील अत्याचार उघड होतो.

या ठिकाणी साक्षीदार आहे तो भूमिसेवक, आणि त्याला बोलण्याची जागा नाही. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात त्याला प्रवेश मिळतो तो त्या घरातल्या मुलीच्या देहातून. भुताटकीची कल्पना येथे केवळ धक्का देण्यासाठी आलेली नाही. व्यवस्थापकाच्या भाषेत जमीन ही मालमत्ता आहे, बसवाच्या भाषेत ती माय आहे. या दोन भाषांना एकत्र आणील असे न्यायालय, वर्तमानपत्र किंवा कार्यालय या जगात नाही, म्हणून चित्रपटाला झपाटण्याचा आधार घ्यावा लागतो. श्रीराम लागू यांनीच चेन्नबसप्पाही साकारला आहे. 'घरौंदा'चा मोदी आणि 'गहराई'चा चेन्नबसप्पा या एकाच नटाच्या दोन भूमिका एकापाठोपाठ पाहिल्या तर दोन शहरांतला फरक ध्यानात येतो. मोदीचे घर त्याच्याच कार्यालयातली एक नोकरदार मुलगी आतून पाहते. चेन्नबसप्पाच्या घरावर बाहेरचा, खालचा माणूस हक्क सांगतो.

शंकर नाग यांचा कन्नड चित्रपट 'अॅक्सिडेंट' (१९८५) हीच रचना महानगराच्या रस्त्यावर आणतो. होन्नावर येथे १९५४ मध्ये जन्मलेले शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडले. मराठी '२२ जून १८९७' (१९७९) या चित्रपटाच्या पटकथेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. बंगळूरला परतल्यावर त्यांनी नाटक, चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ अशा अनेक आघाड्यांवर एकाच वेळी काम केले. म्हणजे ते स्वतःच त्या पिढीतले महत्त्वाकांक्षी तरुण व्यावसायिक होते. 'अॅक्सिडेंट'मध्ये राजकारणी पुढाऱ्याचा मुलगा नशेत गाडी चालवून पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडतो. त्यांतला एक जण वाचतो. वार्ताहर रवी, ही भूमिका शंकर नाग यांनीच केली आहे, प्रकरणाचा माग घेतो. पुढाऱ्याच्या भूमिकेत त्यांचे थोरले बंधू अनंत नाग आहेत. गाण्यांना फाटा दिलेल्या या चित्रपटाला सामाजिक विषयावरील चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे दोन साक्षीदार आहेत, आणि त्यांच्यातले नाते हाच चित्रपटाचा गाभा आहे. पहिला पदपथावरचा मजूर. त्याने पाहिले आहे, पण त्याच्या शब्दाला वजन नाही. दुसरा वार्ताहर, त्याने पाहिलेले नाही, पण त्याचा शब्द छापला जाऊ शकतो. सुशिक्षित व्यावसायिकाची महत्त्वाकांक्षा येथे एका वेगळ्या कामी लागते : खालच्या माणसाची साक्ष वरपर्यंत पोहोचवणे. चित्रपट त्या प्रयत्नाला यश देत नाही. न्याय न्यायालयाच्या मार्गाने येत नाही. तरीही व्यावसायिक तरुणाने काय करावे याची एक स्पष्ट कल्पना या चित्रपटाकडे आहे. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. ते पस्तीस वर्षांचे होते. त्यानंतर वर्षभराच्या आतच देशाचे आर्थिक धोरण बदलले. हा योगायोग आहे हे मान्य करूनही बंगळूरच्या चित्रपटाचा एक कालखंड येथे संपतो असे म्हणावे लागते.

४

उदारीकरणानंतरच्या कन्नड चित्रपटात या विषयाला सर्वांत थेट भिडणारी कृती म्हणजे नागतिहळ्ळी चंद्रशेखर यांचा 'अमेरिका! अमेरिका!!' (१९९७). सूर्य, शशांक आणि भूमिका हे बालपणीचे तीन मित्र. शशांक संगणक-अभियंता होऊन अमेरिकेला जातो, सूर्य मायदेशी राहतो, आणि भूमिका शशांकशी लग्न करून परदेशी जाते. नावांतले रूपक उघड आहे : चंद्र परप्रकाशित आहे, सूर्य स्वयंप्रकाशी आहे, आणि भूमी दोघांच्या मध्ये आहे. अधिक पैसा, अधिक काम या चक्रात सापडलेल्या शशांकचा संसार कोरडा पडत जातो.

या चित्रपटात गोपालकृष्ण अडिग यांची दूरच्या तीराच्या ओढीची कविता गीत म्हणून वापरली आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या वापराकडे थांबून पाहावे. नव्य कवितेच्या या अग्रणी कवीकडे ती ओढ अस्तित्वाची, जवळजवळ आध्यात्मिक अशी आहे; चित्रपटात तीच ओढ भौगोलिक आणि आर्थिक होते. कविता बदलत नाही, पण तिच्या पलीकडच्या तीरावर आता एक देश आणि एक पगार उभा आहे. असे असूनही कवितेमुळे शशांकच्या ओढीला प्रतिष्ठा मिळते. त्याला दोषी ठरवू पाहणारा चित्रपट त्याच्या तळमळीला मात्र आपल्या भाषेतली श्रेष्ठ कविता देतो. हा अंतर्विरोध कृतीचे दौर्बल्य नसून तिची प्रामाणिक बाजू आहे, असे मी मानतो.

परंतु साक्षीदाराच्या दृष्टीने पाहता येथे मोठा बदल झालेला आहे. शशांकच्या चढणीचा साक्षीदार सूर्य हा त्याचाच मित्र, त्याच्याच शिक्षणाचा आणि वर्गाचा. बसवा आणि पदपथावरचा मजूर या चौकटीतून बाहेर गेले आहेत. परदेशगमनाच्या कथेत जमीन 'मातृभूमी' होते, आणि मातृभूमी झाली की ती कोण कसतो हा प्रश्न उरत नाही. बंगळूरच्या चित्रपटाने येथे मुंबईची रचना स्वीकारली : वाट चुकलेला भाऊ आणि न चुकलेला भाऊ.

पुढची पायरी अंजली मेनन यांच्या 'बंगलोर डेज' (२०१४) या मल्याळम चित्रपटात दिसते. केरळातून आलेली तीन भावंडे या शहरात भेटतात. त्यांतला एक सॉफ्टवेअर अभियंता, एक मोटारसायकलींवर जीव असलेला तरुण, आणि एक पुढील व्यवस्थापन-शिक्षण बाजूला ठेवून कंपनी-अधिकाऱ्याशी लग्न झालेली मुलगी. चित्रपट प्रसन्न आहे, त्यातील माणसे जिवंत आहेत. मात्र येथे शहर म्हणजे मोकळीक आहे. ते कोणाचे होते हे विचारणारी व्यक्ती कथेत नाही. येथील सर्व जण बाहेरून आलेले असल्यामुळे जुन्या रहिवाशाची आठवणही कोणाजवळ नाही. महत्त्वाकांक्षा आता दोष नाही, गुणही नाही. ती हवेसारखी गृहीत आहे.

५

मराठी चित्रपटात साक्षीदाराचे काय झाले? येथे तो नाहीसा होण्यापूर्वी तीन रूपे घेतो. पहिले रूप 'सिंहासन' (१९७९) मधील वार्ताहर दिगू टिपणीस याचे. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, तेंडुलकरांच्या पटकथेवरून डॉ. जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटात दिगू सत्तेची सारी चढाओढ पाहतो आणि शेवटी भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. पाहणे असह्य झाल्यामुळे साक्षीदार मोडतो.

दुसरे रूप निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (२००५) मधील माधव आपटे या बँक-कर्मचाऱ्याचे. हा राजारामाचाच वंशज; पण कासव आता चवताळले आहे. घरातल्या साध्यासाध्या गरजांसाठीही तडजोड मागणाऱ्या जगात तो हातात शस्त्र घेतो. साक्ष देऊन उपयोग होत नाही असे ठरल्यावर साक्षीदार स्वतःच शिक्षा देऊ लागतो, आणि संपतो.

तिसरे रूप निखिल महाजन यांच्या 'पुणे ५२' (२०१३) मधील अमर आपटे याचे. हा खाजगी गुप्तहेर आहे आणि कथा १९९२ च्या पुण्यात घडते. नवे अर्थकारण नुकतेच दाराशी आलेले, घरखर्च भागत नाही, आणि अमरचा व्यवसाय इतरांच्या घरातली गुपिते पैशासाठी पाहण्याचा. पाहणे हीच येथे विकाऊ सेवा झाली. दिगूचे पाहणे त्याला वेडे करते, माधवचे हिंस्र करते, अमरचे मात्र त्याच्या उपजीविकेचे साधन होते, आणि अखेरीस तो ज्या व्यवहारांकडे पाहत होता त्यांतच अडकतो. दोन चित्रपटांतले आडनावाचे साम्य बहुधा योगायोगाचे. पण एकाच मध्यमवर्गाचे हे दोन शेवट आहेत हे त्यामुळे नजरेत भरते.

यानंतर समीर विद्वांस यांच्या 'डबल सीट'मध्ये (२०१५) लालबागच्या चाळीतले नवविवाहित जोडपे स्वतःच्या घराचे स्वप्न पाहते. स्वप्न 'घरौंदा'चेच, अडतीस वर्षांनंतरचे. सुदीप आणि छायाची घराची इच्छा त्यांना मोहात ढकलत होती. येथे तीच इच्छा दांपत्याच्या प्रेमाची भाषा आहे. प्रेक्षक आता साक्षीदाराच्या शेजारी बसत नाही. तो स्वप्न पाहणाऱ्यांच्याच शेजारी बसतो.

६

येथवरच्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि तो घेतला पाहिजे. जुन्या चित्रपटांचा साक्षीदार कितपत निःपक्षपाती होता? राजाराम जोशीचा संतोष हा कायम नोकरी, चाळीतली खोली आणि पिढीजात शिक्षण यांवर उभा आहे. ज्याच्याकडे हे सर्व आधीच आहे त्याने महत्त्वाकांक्षेला भौतिक लालसा म्हणणे सोपे आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले, ज्या वस्तीत पक्की भिंत ही पिढ्यांची आकांक्षा होती, तेथे नोकरी आणि फ्लॅट म्हणजे चंगळ नव्हे. ते माणूस म्हणून उभे राहणे आहे. दलित व्यावसायिकाची महत्त्वाकांक्षा मध्यवर्ती ठेवणारे चित्रपट या कालखंडात फारच थोडे आहेत. म्हणून 'चंगळवाद' या शब्दातला निवाडा कोणाला लागू होतो आणि कोणाला होत नाही, हे ठरवण्याची संधी मराठी चित्रपटाने पुरेशी घेतलेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा पक्षपात अधिक उघड आहे. 'उंबरठा' (१९८२) मधील सुलभा महाजन पैशासाठी नव्हे, कामाच्या ओढीने महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते. तिच्या महत्त्वाकांक्षेत चंगळ औषधालाही नाही. तरीही जी किंमत बाशूला द्यावी लागत नाही ती तिला द्यावी लागते : ती परतते तेव्हा तिचे घर तिचे राहिलेले नसते. म्हणजे चित्रपटांतील शिक्षा नेहमीच लोभाला झाली असे नाही. बरेचदा ती उंबरठा ओलांडण्याला झाली. शांता निसळ यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट आधारला आहे तिचे नाव 'बेघर' असावे, हे पुरेसे बोलके आहे.

या आक्षेपाने माझी मांडणी बाद होत नाही, पण ती दुरुस्त होते. वर्गबंधू साक्षीदार गेला याची फारशी खंत करण्याचे कारण नाही. त्याच्या नजरेत करुणेइतकाच स्वतःच्या सुरक्षिततेचा अभिमानही होता. खंत करावी ती बसवाची आणि पदपथावरच्या त्या मजुराची. ते महत्त्वाकांक्षेला नैतिक दूषण देत नव्हते. जमीन कोणाची होती आणि गाडीखाली कोण आले, एवढेच ते विचारत होते. हा प्रश्न अभिरुचीचा नसून हिशेबाचा होता.

७

बंगळूरमध्ये अध्यापनासाठी आल्यावर या चित्रपटांकडे मी नव्याने पाहू शकलो, हे येथे नोंदवले पाहिजे. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ मध्ये बंद झाला. शहराच्या कडेने वाढलेल्या वसाहतींची नावे इंग्रजी किंवा इटालियन वळणाची असली, तरी त्यांच्या शेजारच्या बसथांब्यांवर हळ्ळी, पाळ्य, संद्र असे जुन्या खेड्यांचे प्रत्यय टिकून आहेत. चित्रपटाने ज्यांना वगळले त्यांची साक्ष निदान स्थळनामांनी जपली आहे.

भौतिकतेच्या युगातील तरुण व्यावसायिकाचा चित्रपटीय इतिहास लिहिताना नायकाच्या चारित्र्याचा आलेख काढण्याची आपल्याकडे प्रथा आहे : तो आधी खल होता, मग नायक झाला. त्याऐवजी त्याच्याकडे कोण पाहत होते याचा आलेख काढला, तर मराठी, कन्नड, बंगाली आणि मल्याळम कृती एका सूत्रात वाचता येतात, आणि 'गहराई'सारखा भयपटांच्या रकान्यात पडून राहिलेला चित्रपट या इतिहासाच्या मध्यभागी येतो. त्या चित्रपटात बसवाला आपले म्हणणे मांडण्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचा कंठ उसना घ्यावा लागला होता. पुढच्या चाळीस वर्षांत बंगळूरच्या पडद्यावर तंत्र, भांडवल आणि प्रेक्षक यांची वाढ झाली. त्याला स्वतःचा कंठ कोणत्या कृतीने दिला, याचा शोध पुढील अभ्यासकाने घ्यावा, आणि तो कन्नड व मराठी दोन्ही भाषांतून घ्यावा.